सेनबाबूंना ताप आलाय

कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं, कार्ड लवकर भरतं, दोन ठेवा. दोन कार्डं मला अजून पुरतात. किस्से मात्र कुठे साठवावेत ते कळेनासं झालंय! ओळखीच्या माणसांचे फोटो काढायचे आणि वर त्यांच्याकडेच पैसे मागायचे, एवढं एक धाडस करून बघा. किस्से पत्ता विचारत घरी येतात.

मी सतीश. एका खासगी कंपनीत खरेदी विभागात आहे. बदली होऊन कोलकात्याला आलो, डमडमला भाड्याने फ्लॅट घेतला आणि इथल्या मराठी गोतावळ्यात सामील झालो. वीस-पंचवीस घरं. कुणी बँकेतले, कुणी आयटीतले, कुणी फौजेतले. तीन-चार वर्षांत प्रत्येकाला पुढचं गाव ठरलेलं, त्यामुळे जे काही साजरं होईल त्याचे फोटो सगळ्यांनाच हवे असतात. आणि फोटो काढायला मी होतोच, हौशी आणि फुकट!

*

पहिलं मोठं काम म्हणजे नंदूच्या मुलाची मुंज. नंदू हा माझा इथला सगळ्यात जवळचा मित्र. सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत मी पायावर उभा. मातृभोजन टिपलं, मंगलाष्टकं टिपली, भिक्षावळीत झोळीत पडलेला एकेक लाडू टिपला. नऊशे फोटो! मी पानावर बसलो तेव्हा श्रीखंड संपलेलं होतं. निघताना नंदूने सगळ्यांसमोर मला शाल पांघरली आणि हातात नारळ दिला.

मग ती पद्धतच पडली. बारसं असलं की नारळ. डोहाळजेवण असलं की नारळ. साठीशांत असली तर शाल आणि नारळ. आमच्या घरी नारळीभात, नारळाच्या वड्या आणि ओल्या खोबऱ्याची चटणी असा कार्यक्रम महिनोन्‌महिने चालला. शेवटी मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लेन्सच्या दुकानात नारळ घेतात का, एकदा विचारून ये."

त्याच सुमारास आई-बाबा आले होते. दोघं सांगलीला असतात आणि दर थंडीत दोन महिने आमच्याकडे येतात. बाबा शाळेत हेडक्लार्क होते, बोलणं मोजकं आणि नियमाला धरून. त्यांनी स्वयंपाकघरातला नारळांचा ढीग बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"फुकट आहेस म्हणून बोलावतात," ते म्हणाले. "एकदा पैसे सांगून बघ. कोण येतं ते कळेल."

हे मला लागलं. खरं सांगतो, फार लागलं. कारण आतून मलाही तीच शंका होती.

*

ठरवलं, पुढच्या कामाला पैसे सांगायचे! पुढचं काम बापट काकूंकडे होतं, काकांची पंचाहत्तरी. मेट्रोत वाक्य घोकत गेलो. ऑफिसात मी दिवसभर व्हेंडरांशी घासाघीस करतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो. इथे तर एकच वाक्य बोलायचं होतं.

काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आलास बाळा, थालीपीठ टाकते." दुसऱ्या थालीपिठावर लोण्याचा गोळा पडला आणि माझं वाक्य विरघळलं. घरी परतलो तो अल्बमसुद्धा फुकट कबूल करून.

मेधाने कपाळाला हात लावला. पण उपाय तिलाच सुचला. "आपल्या माणसांपुढे तुझं तोंड उघडत नाही ना? मग परक्याचं तोंड लाव."

आणि सेनबाबू जन्माला आले!

माझा जुना फोन, त्यातलं बदलीच्या आधीचं सिम, डीपीला हावडा ब्रिज. सेनबाबू माझे मॅनेजर. ते फोन उचलत नाहीत, फक्त मेसेज करतात. रेट त्यांचे ठरलेले आणि हावड्यापलीकडे जायचं तर टॅक्सी वेगळी. पैसे बंद पाकिटात घालून फोटोग्राफरच्या हाती पाठवायचे. बाहेरच्या कुणालाच आम्ही खरं सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच. खोट्या माणसाच्या नावाने पत्रव्यवहार करतो म्हटल्यावर त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं.

*

सेनबाबूंचं पहिलं गिऱ्हाईक बापट काकूच, पंचाहत्तरीनंतर त्यांच्याकडे नातीचं बारसं निघालं तेव्हा. मी नुसतं म्हणालो, "काकू, माझ्या हातात काही नाही हो, सेनबाबूंशी बोला." काकूंनी हिंदीत लांबलचक मेसेज टाकला, की मी सतीशला मावशीसारखी आहे, तर थोडं कमी करा.

सेनबाबूंचं उत्तर गेलं, "मॅडम, मेरा कोई मौसी नहीं है."

पाकीट आलं! पूर्ण रकमेचं, बंद. पाकीट हातात देताना काकू कळवळल्या. किती कडक आहे रे तो माणूस, तुला काही देतो तरी का, म्हणाल्या. मी मान खाली घालून म्हटलं, निम्मं देतो. त्या आत गेल्या आणि बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या.

"हे तुझ्यासाठी. सेनला दाखवू नकोस."

*

फोर्ट विल्यममधल्या एका मेजरसाहेबांच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. त्यांच्या बायकोने अगदी चोख व्यवस्था केली. गेटवर दोन माणसांची नावं देऊन ठेवली, फोटोग्राफर आणि मॅनेजर सेन!

मी एकटा पोचलो. जवानाने यादी बघितली. "दूसरा आदमी?"

म्हटलं, नहीं आए. कब आएंगे? म्हटलं, नहीं आएंगे. त्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, मग नाव का दिलं? आता फौजेच्या गेटवर उभं राहून, हा माणूसच अस्तित्वात नाही, असं कोण सांगणार? 

"बुखार है," मी म्हणालो.

तेव्हापासून सेनबाबूंना ताप आला तो कायमचा. गणपतीला मंडळींनी त्यांना मोदक खायला बोलावलं, ताप. कोजागिरीला बोलावलं, ताप. बापट काकूंनी तर माझ्याबरोबर त्यांच्यासाठी काढ्याची पुडी पाठवली, वर निरोप दिला की जिभेचा कडूपणा याने जात नाही, तापच जाईल.

*

मग एक दिवस सेनबाबूंना नंदूचा मेसेज आला. बायकोच्या चाळिशीसाठी बुकिंग होतं. खाली लिहिलं होतं, एक खासगी गोष्ट आहे. फोटोग्राफर माझा जिवलग मित्र, त्याला तोंडावर सांगता येत नाही. तो लोकांचे पाय कापतो. माझ्या मुलाच्या मुंजीच्या नऊशे फोटोंत एकाही माणसाला धड पाय नाहीत. कृपया समजवा.

मी दोन दिवस नंदूशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुंजीचे फोटो उघडून बसलो. नव्हते हो पाय! बटूला नाहीत, भटजींना नाहीत, खुद्द नंदूला नाहीत. इतके दिवस सगळे "मस्त, मस्त" म्हणत होते आणि मी फुगत होतो. ऑफिसात दर वर्षी अप्रेझल होतं, पण माझं खरं अप्रेझल त्या दिवशी झालं.

नंदूच्या बायकोच्या चाळिशीला मी दोन पावलं मागे सरकून फोटो काढले. सगळ्यांना पाय आले. नंदूने सेनबाबूंना थँक्यू लिहिलं आणि पाकिटात ठरल्यापेक्षा जास्त घातले.

*

त्यानंतर गाडी सुसाट सुटली! सरस्वती पूजेपर्यंतचे, म्हणजे थेट वसंत पंचमीपर्यंतचे रविवार भरले. दर बुकिंगनंतर मी सांगलीला फोन करून बाबांना सांगायचो, आज अमक्यांनी बोलावलं, पैसे देऊन बोलावलं. बाबा फक्त "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये काय आहे ते मला कधी कळलं नाही. इतकी पाकिटं आली, तरी मन भरेना ते त्यामुळेच.

या थंडीत आई-बाबा पुन्हा आले. रेट कार्ड फ्रिजवर चिकटवलेलं होतं. बाबांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं, तळाच्या नंबरासकट, आणि पेपर घेऊन बसले.

दोन दिवसांनी दुपारी ऑफिसात सेनबाबूंचा फोन वाजला. मेसेज इंग्रजीत होता, थेट अर्जाच्या भाषेत. आदरणीय श्री. सेन. माझ्या विवाहास बावन्न वर्षे झाली असून पत्नीसमवेत एकही धड फोटो नाही. रेट कार्ड वाचले आहे. सवलत नको. रविवारी सकाळी गंगेच्या घाटावर वेळ मिळावी. एक विनंती. पार्टी त्याचे वडील आहेत हे फोटोग्राफरला आधी कळू देऊ नये. तो पैसे घेणार नाही.

मी तो मेसेज किती वेळा वाचला, सांगता येणार नाही. मग सेनबाबूंच्या वतीने उत्तर टाकलं, "कन्फर्म. सुबह साढ़े सात."

रविवारी सकाळी बाबांनी जाहीर केलं, आम्ही दर्शनाला जातोय. आईला घेऊन टॅक्सीत बसले. मेधाने हसू लपवायला पदर तोंडाला लावून दार बंद केलं. अर्ध्या तासाने कॅमेरा घेऊन मी निघालो.

घाटावर बाबा उभे होते, माझ्या लग्नात शिवलेला कोट घालून. शेजारी आई, इरकल नेसलेली, केसांत गजरा. मला बघून बाबांना जराही आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं.

"सेन नाही आले?"

"ताप आहे त्यांना."

"हं," बाबा म्हणाले आणि आईच्या बाजूला सरकले.

मी दोन पावलं मागे गेलो. पाण्यावर ऊन होतं, मागून लाँच जात होती. आई लाजून खाली बघत होती आणि बाबा तिला पुन्हा पुन्हा "समोर बघ" सांगत होते.  मी फोटो काढले, पायांसकट, एकूण एक.

काम झाल्यावर बाबांनी कोटाच्या खिशातून बंद पाकीट काढलं. वर शाईच्या पेनाने लिहिलं होतं, "श्री. सेन यांस". मी हात मागे घेतला.

"तुझं नाहीये ते," बाबा म्हणाले. "सेनचं आहे. पोचव."

पाकीट मी घरी येऊन उघडलं. आत पूर्ण रक्कम होती, वर आहेराचा एक रुपया, आणि घडी केलेला एक कागद. पावती होती. बाबांनी आपल्या हेडक्लार्की अक्षरात सगळा मजकूर भरून ठेवला होता, फक्त सहीची रेघ रिकामी सोडली होती. रेघेखाली लिहिलं होतं, "फोटोग्राफर", आणि त्याच्याखाली माझं नाव.