अंगभर हलवा आणि तोंडाला कुलूप

माझ्याकडे एक फोटो आहे. त्यात मी एकोणीस वर्षांची आहे, काळी साडी नेसले आहे, आणि डोक्यापासून कमरेपर्यंत खाऊने मढले आहे. कपाळावर बिंदी, कानात झुबे, गळ्यात तीन पदरी हार, दंडावर वाक्या, मनगटात बांगड्या, कमरेला पट्टा, सगळं साखरेचं. डावा हात मानेशी गेला आहे. बघणारे म्हणतात, काय गोड लाजतेय नवी नवरी! नवरी लाजत नव्हती. नवरी खाजवत होती.

मला तीळ चालत नाही. आज हे मी लग्नाच्या पंगतीत वाढप्याला ओरडून सांगते. तेव्हा मात्र हे आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं गुपित होतं.

माझं माहेर गणेशपुरीकडचं. सात वर्षांची असताना मी डब्यातून तिळाचे तीन लाडू चोरले आणि भाताच्या उडवीमागे बसून खाल्ले. चोरी पकडायला कुणाला यावं लागलं नाही. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ करंजीसारखे फुगले, आणि छातीतून अशी शीळ वाजायला लागली की कुत्रं येऊन समोर बसलं. आईने आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगडीत गुंडाळलं, आणि दुसर्‍या हाताने पाठीत धपाटा घातला. शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास मोकळा झाला. ते म्हणाले, "हिला तीळ देऊ नका." झालं. एवढंच शास्त्र.

यात अन्याय बघा. मला कारल्याची गांधी उठली असती तर मी समजू शकले असते. पण मी जन्माची गोडघाशी. गुळाच्या ढेपेजवळून जाताना माझी चाल मंदावायची. आणि नेमका तीळ माझा वैरी, जो संक्रांतीला घरोघरी गोड होऊन बसलेला असतो.

लग्न ठरलं तेव्हा आईने मला मागच्या पडवीत नेलं. "तिळाचं सासरी बोलायचं नाही," ती म्हणाली. "पोरीच्या अंगावर उठतं म्हटलं की लोक भलत्याच रोगाचं नाव घेतात. फसवून पोर गळ्यात बांधली म्हणतील आणि परत आणून सोडतील. तीळ समोर आला तर पोट दुखतंय म्हण."

"वर्षभर?"

"जन्मभर."

मी तोंडाला कुलूप लावून भिवंडीत आले.

आमच्या चाळीत दोन खोल्या होत्या आणि मागची भिंत लूमच्या कारखान्याला लागून होती. खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक. भांडी आपोआप फळीवरून सरकायची. मालक, म्हणजे माझे यजमान, दुसर्‍या एका कारखान्यात मेहता, म्हणजे कारकून होते, कापडाचे तागे मोजायचे. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. या आत्या मूळच्या अंजूरच्या. शहरात येऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांची भाषा अंजूरच्या बांधावरच उभी होती. त्यांनाही एक दुखणं होतं: साखर. पायाच्या अंगठ्याला खडा लागून झालेली जखम चार महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोड थांबलं नाही तर अंगठा कापावा लागेल. म्हणून यजमान गुळाचा डबा माळ्यावर ठेवायचे. मी तो दर दोन दिवसांनी हलका होताना बघायची आणि गप्प बसायची. माझं गुपित माझ्या पोटात, त्यांचा गूळ त्यांच्या पोटात. असं आमचं छान चाललं होतं.

पौषात बिनसलं. शेजारी एक मास्तरीणबाई राहायच्या, पुण्याकडच्या. त्यांनी आत्यांना सांगितलं, नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालतात. तीळ घ्यायचा, निखार्‍यावर परात ठेवायची, साखरेच्या पाकाचा एकेक थेंब टाकत बोटांनी हलवत राहायचं. चार-पाच दिवसांनी तिळाच्या दाण्याभोवती साखरेचा काटा उभा राहतो. मग ते दाणे दोर्‍यात गुंफायचे. अंजूरला हे असलं काही कुणी केलं नव्हतं. पण मास्तरीणबाईंनी केलं म्हटल्यावर आत्या मागे राहणार्‍यांतल्या नव्हत्या. रेशनची साखर महिनाभर वाचवली गेली. यजमान बिनसाखरेचा चहा पीत होते आणि कुणाकडेही बघत नव्हते.

माझी झोप उडाली. तीळ खायला नकार देता येतो, पोट दुखवता येतं. पण तीळ अंगभर घालून पाटावर बसायचं? मानेला, दंडाला, कानाला तीळ? वर चाळीतली प्रत्येक बाई येणार, तिळगूळ घ्या म्हणत तोंडात लाडू कोंबणार. मी पंगतीत शिरलेल्या मांजरासारखी घरात येरझार्‍या घालू लागले. एक दिवस अगदी साळसूदपणे विचारलं, "आत्या, साबुदाण्याचाही हलवा करतात म्हणे?"

मास्तरीणबाई तिथेच होत्या. त्या हसल्या. "करतात की. पण तो नकली दागिना. सौभाग्यवतीच्या अंगावर उपासाचा जिन्नस कशाला?"

"बरूबर हाय," आत्या म्हणाल्या. "आमची सून काय नकली हाय?"

झालं, साबुदाणा बाद.

मग आत्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. हलव्याला नजर लागली की काटा येत नाही, म्हणे. आठ दिवस मी बाहेरच्या खोलीत डाळ-तांदूळ निवडत बसले आणि आतून पाकाचा वास येत राहिला. मधूनच "जल्लं मेलं!" असा आवाज यायचा. मग शांतता. मग काहीतरी कुडुम-कुडुम चावल्याचा आवाज. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते, भिंत गप्प असते. त्या दिवशी त्या पहाटे चारला उठून बसल्या होत्या. दुपारी बाहेर आल्या तेव्हा बोटांची टोकं लाल झाली होती आणि चेहरा त्याहून लाल. "झायला का काटा?" असं मी त्यांच्याच भाषेत विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा डाळीत तोंड घातलं.

आठव्या दिवशी दागिने तयार होते. खरंच सांगते, देखणे होते. पांढरेशुभ्र, टपोरे, सोनेरी कागदात गुंफलेले. मास्तरीणबाईंनी हार हातात घेऊन उजेडात धरला. "काटा काय आलाय हो! पहिल्यांदा केलंय असं वाटत नाही." आत्यांनी खाली बघून पदर सारखा केला. एवढ्या विनयाची त्यांना सवय नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

संक्रांतीच्या दुपारी मला सजवलं. पहिला हार गळ्यात पडला आणि मानेला मुंगी चावली. वाक्या बांधल्या आणि दंडावर दहा मुंग्या. कमरपट्टा आला तेव्हा मुंग्यांचं वारूळच फुटलं. भिंतीपलीकडे लूम धडधडत होते, त्याने पाट थरथरत होता, पाटाने झुबे थरथरत होते, आणि माझ्या प्रत्येक कणाला वाटत होतं, आली, आली, गांधी आली. जीभ जाड झाली. ओठ सुजले. (मी चोरून हळदीकुंकवाच्या ताटलीत तोंड बघितलं. ओठ होते तेवढेच होते. पण ताटलीवर तेव्हा माझा विश्वास नव्हता.) चाळीतल्या एका हौशी भाऊजींनी फोटो काढला, तो हाच. बायका जमायला लागल्या होत्या. मी उठले आणि सरळ मोरीत पळाले.

आत्या मागोमाग आल्या आणि कडी लावली.

"काय झायलं तुला? कवाची बगते, माकडीण पाटावर बसल्यागत करतेस."

"आत्या, मला तीळ चालत नाही." कुलूप असं तुटलं. मग मी सगळंच ओकले: भाताची उडवी, शीळ वाजणारी छाती, इंजेक्शन, मागची पडवी, आईची ताकीद. "तुम्हाला फसवलं आम्ही. मला परत पाठवायचं तर पाठवा, पण आधी हे काढा."

त्यांनी माझा हात धरून खिडकीकडे वळवला. दंड बघितला, मान बघितली, माझी हनुवटी वर करून गळा बघितला.

"कुठं हाय गांधी?"

"येतायत."

"कशानं येतील? त्यात तीळच न्हाय."

मी खाजवायची थांबले.

"साबुदाना हाय," आत्या कुजबुजल्या. "चार येळा तीळ घेतला. ही भिंत हलते, पाक सांडतो, दान्याला दाना चिकटतो. शुक्करवारीबी तेच. आन् आता तिला काय सांगू, आमाला येत न्हाय?" त्यांनी बाहेरच्या दिशेने, म्हणजे मास्तरीणबाईंच्या दिशेने, हनुवटी उडवली.

"मग त्या चिकटलेल्या तिळाचं काय केलंत?"

आत्यांनी पदराने ओठ पुसले. कुडुम-कुडुम मला आठवलं.

मग त्या म्हणाल्या, "तू माजा साबुदाना झाक, मी तुजा तीळ झाकते. चल भायेर."

मी आनंदाने तरंगत बाहेर आले. खाज पार गेली होती. पण पाटावर बसते न बसते तोच मास्तरीणबाई लाडू घेऊन समोर. खरा तीळ, खरा गूळ. "तिळगूळ घे, गोड बोल. उघड तोंड!"

माझ्या ओठांपासून चार बोटांवर लाडू असताना आत्यांनी त्यांचं मनगट धरलं, हात आपल्याकडे वळवला आणि लाडू स्वतःच्या तोंडात घेतला.

"आमच्यात पयल्या सनाचा सुनंचा तिळगूळ सासू खाते," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या. "सून वरीसभर गोड बोलावी म्हनून. जुनी रीत हाय."

अशी रीत अंजूरला नव्हती, कुठेच नव्हती. ती दोन क्षणांपूर्वी जन्मली होती. पण मास्तरीणबाईंना रीत म्हटलं की गहिवरून यायचं. "किती छान अर्थ आहे!" त्या म्हणाल्या, आणि बायकांची रांगच लागली.

दुसरा लाडू. तिसरा, दाण्याचं कूट घातलेला. चौथी वडी, वर खोबरं. आत्या प्रत्येक वेळी डोळे मिटून तोंड उघडायच्या, अगदी तीर्थ घेतल्यासारख्या. चार महिने माळ्यावरच्या डब्याकडे चोरपावलांनी जाणारी बाई आज भर चाळीसमोर, वाजतगाजत, धर्म म्हणून गूळ खात होती. त्यांच्या चेहर्‍यावर जो आनंद होता तो मी लग्नाच्या दिवशी माझ्या चेहर्‍यावरही बघितला नव्हता. आधी मला हसू येत होतं. पाचव्याला त्यांनी पाणी मागितलं. सहाव्याला पुन्हा पाणी, तांब्याभर. आणि त्या पाय पुढे करून टेकल्या तेव्हा लुगड्याच्या काठाखाली मला तो अंगठा दिसला. पट्टी बांधलेला.

आता मला खरी खाज सुटली, आणि ती कातडीवर नव्हती. मी पाटावर इकडे सरकले, तिकडे सरकले. बोलावं तर माहेरची पडवी, आईचा चेहरा, परत नेऊन सोडणारी बैलगाडी. न बोलावं तर अंगठा. सात-आठ बायका अजून उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात डबा. सातवी पुढे झाली, आत्यांनी डोळे मिटले.

"थांबा!" मी ओरडले. एवढ्या जोरात की कमरपट्ट्याचे दोन दाणे तुटून उडाले. "अशी रीत-बीत काही नाही. मला तीळ चालत नाही. खाल्ला की अंग सुजतं, श्वास अडकतो. लहानपणापासून. म्हणून आत्या खातायत. आणि त्यांना साखर आहे."

मास्तरीणबाईंचा हात गालावर गेला. "अगं बाई! आणि मी भरवत होते!"

मग कोपर्‍यातल्या एका म्हातारीने तो प्रश्न विचारलाच, ज्याची मी लग्नाच्या दिवसापासून वाट बघत होते. "अंग सुजतं? मंग लग्नाआदी सांगितलं व्हतं का तुमाला, का तसंच?"

मी मान खाली घातली. हारातले दाणे मोजायला लागले.

"मला ठावं हाय," आत्या म्हणाल्या. "पयल्या दिसापास्नं. तिच्या आयशीनं सांगितलंय. मंग? तुजा डावा डोला तिरपा हाय, त्यो आमी सांगितला कुनाला?"

म्हातारीने पदर डोळ्यावर ओढला. हशा पिकला, हळदीकुंकू पुढे सरकलं, माझ्या हातात कुणी तरी तिळाऐवजी साखरफुटाणे ठेवले. कुणीही कुणाला परत पाठवलं नाही.

दिवेलागणीला सगळ्या गेल्या. मी दागिने उतरवत होते. आत्या भिंतीला टेकून, तोंड फिरवून बसल्या होत्या. मी घाबरत विचारलं, "रागावलात? त्यांच्यासमोर बोलले म्हणून?"

"बोललीस ते बरं क्येलंस," त्या म्हणाल्या. "पन जरा दमानं बोलायचं व्हतं. त्या नवव्या नंबरच्या बाईच्या डब्यात काजू व्हता."

मी बांगडीचा एक दाणा तोडून तोंडात टाकला. अंगावर साखर घालून दिवसभर बसलेली मी, आता कुठे माझ्या वाट्याला ती आली. बाहेर काटेरी, कुरकुरीत, आत साबुदाणा. काही झालं नाही. दुसरा टाकला. आत्यांनी हात पुढे केला.

"एकच," मी म्हणाले.

"येकच."

मी एक दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो गिळला नाही, चावला नाही, गालात धरून बसल्या. पण हात पुढेच राहिला. मी उरलेली बांगडी मुठीत आवळली आणि उठून गुळाच्या डब्याशेजारी ठेवायला माळ्याची शिडी चढले. वर पोचले तेव्हा डबा उघडाच होता.