मावशीच्या हातांचा पिवळा

माझी मावशी हळद दळते. तीस वर्षं दळते आहे, आणि या तीस वर्षांत तिचा हात लागलेली प्रत्येक वस्तू पिवळी झाली आहे. दाराची कडी, जिन्याचा कठडा, रेडिओची बटणं, आणि गिरणीत झोपणारं एक मांजर, जे मूळचं पांढरं होतं असं जुनी गिऱ्हाइकं सांगतात. पिवळा झाला नाही तो फक्त तिचा नवरा.

काका घड्याळं दुरुस्त करतात. खाली गिरणी, वर त्यांची खोली, मधे तेरा पायऱ्या. घड्याळात हळदीचा एक कण गेला तरी ते रुसून बसतं, म्हणून वर यायचं तर हात धुऊन यायचं, असा तह लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात झाला आणि तो आजवर पाळला गेला. काकांचे शर्ट पांढरेशुभ्र. ते स्वतः धुतात आणि गच्चीवर भर उन्हात वाळत घालतात. हळदीच्या डब्याला त्यांनी कधी बोट लावलेलं मी पाहिलं नव्हतं. "एवढा पसारा रंगवला मी, पण घरचं माणूस तेवढं कोरं राहिलं," असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि शाळा सुटली की मावशीकडे चहाला जाते. हळदीतलं कुणाला जास्त कळतं यावरून आमचं नेहमी वाजायचं. एकदा मी तिला सांगितलं की हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याला कर्क्युमिन म्हणतात आणि ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं.

"म्हणून तर मी हात आधी तेलानं पुसते," ती म्हणाली. "एवढं शिकायला तुला पाच वर्षं कॉलेजात घालवावी लागली?"

डागांच्या बाबतीतही तिचंच खरं असायचं. टेबलक्लॉथवर रस्सा सांडला, साबण लावल्यावर डाग लालभडक झाला, म्हणजे हळदीत रंग मिसळलाय, अशी तक्रार घेऊन कुणी ना कुणी यायचंच. मावशी शांतपणे सांगायची, "दोन दिवस उन्हात टाका. अस्सल हळद असेल तर डाग उडून जाईल. नाही गेला तर माझ्याकडे या आणि मला चोर म्हणा. भेसळ उन्हाला भीत नाही, हळद भिते." परत कुणी आलं नाही.

तिचा एक खेळ होता. गिरणीत नवं माणूस आलं की ती कपड्यांचा साबण घ्यायची आणि ओल्या हातांना चोळायची. पिवळेधम्मक हात बघता बघता लाल व्हायचे. समोरच्याचा चेहरा पडला की लिंबाची फोड फिरवायची आणि हात पुन्हा पिवळे. साबणातल्या अल्कलीनं रंग लाल होतो आणि लिंबाच्या आम्लानं परत येतो, हे मी वर्गात फळाभर लिहून शिकवते. मावशी एवढंच म्हणायची, "हळद लाजली."

तर एका सोमवारी गिरणीची मोटार जळाली आणि वायंडिंगला गेली. नऊ दिवस गिरणी बंद. मावशी खुर्चीत बसून राहिली. जेवण जाईना, अंगात त्राण नाही, तळहातांना सारखी खाज. "हाताला काम नाही, म्हणून खाज सुटलीय," ती म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. डोळेही पिवळसर दिसत होते. काकांनी दोनदा विचारलं, "डॉक्टरकडे जाऊ या का?" मावशीनं त्यांना उडवून लावलं. "तीस वर्षांची पूड आहे डोळ्यांत. नऊ दिवसांत कशी निघेल?"

मीही तिचीच री ओढली. कातडीत मुरलेला रंग हळूहळू उतरतो, असं मी काकांना चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच, आणि तेव्हा ती पिवळी मी होते.

दहाव्या दिवशी मोटार आली. बसवायला आलेला मिस्त्री नवा होता, म्हणजे खेळ आलाच. मावशी कशीबशी उठली, हात ओले केले, साबण चोळला. हात पिवळे ते पिवळेच.

"साबण भिकार आहे," ती म्हणाली आणि मला आतून अंघोळीचा आणायला लावला. तोही चोळला. काही नाही. मग शेजारणीकडून भांड्यांचा आणवला. मिस्त्री बिचारा भिडस्त. पान्हा हातात धरून म्हणाला, "राहू द्या ना मावशी, पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी कशाला? आत्ताच होतील. हल्ली साबणातसुद्धा भेसळ करतात मेले."

मी हल्लीच्या साबणांतल्या अल्कलीवर बोलायला सुरुवात केली होती. तेवढ्यात आमचा गलका ऐकून काका खाली आले. शेवटच्या पायरीवर उभे राहून त्यांनी तिन्ही साबण पाहिले, मावशीचे हात पाहिले. मग सरळ डब्यापाशी गेले, झाकण काढलं आणि हळदीत बोटं बुडवली. मावशी बघतच राहिली. काकांनी हळद स्वतःच्या तळहातावर चोळली, पाणी घेतलं आणि मावशीच्या हातातला साबण घेऊन घासला. त्यांचा तळहात लाल झाला. एक शिंतोडा शर्टाच्या खिशावर उडाला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"साबण चांगला आहे," काका म्हणाले. "तुझ्या हातावर हळदच नाही."

"मग हे पिवळं काय आहे?" मावशीनं विचारलं.

"कावीळ," मी म्हणाले. नऊ दिवसांत हळद कधीच उतरली होती. उरलेला पिवळा आतून आलेला होता. मिस्त्रीनं पान्हा खाली ठेवला आणि रिक्षा आणायला पळाला.

पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. पित्ताला वाट नाही, म्हणून त्याचा पिवळा रक्तात आणि रक्तातून कातडीत उतरलेला. आणखी चार दिवस गेले असते तर मी काही सांगू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले. इतकी ढळढळीत कावीळ घरात कुणालाच कशी दिसली नाही, असंही त्यांनी विचारलं. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही रसायनशास्त्र शिकवते." आयुष्यात मला कुणी इतकं नेमकं टोचून बोललं नाही, आणि ते मला लागू होतं.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा काका बाकावर बसून मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देत होते. ती पूर्ण भरलेली होती, तरी देत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सहाव्या दिवशी मावशी आपले हात उलटसुलट करून बघत होती. पिवळा बराच उतरला होता. "हे कुणाचे गं?" ती म्हणाली. "नर्सबाईंचे तर नाही लावले मला?" मग डॉक्टरांना विचारलं, उद्यापासून गिरणी सुरू करू का. डॉक्टर म्हणाले, "पी हळद आणि हो गोरी, असं नसतं बाई. सहा आठवडे."

तिनं पाच काढले. पहिल्या दिवशी संध्याकाळी गिरणी थांबली तसे काका साबण घेऊन खाली आले. "धू," एवढंच म्हणाले. हात लाल झाले. काकांनी ते नीट पाहिले आणि वर गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी हे चालतं. मावशी कुरकुरते, पण हात पुढे करते.

परवा तिला कपड्यांत काकांचा तो शर्ट सापडला. इतके आठवडे कपाटाच्या तळाशी होता. तिनं तो धुतला. खिशावरचा ठिपका साबणानं लाल झाला, खळबळून पिळल्यावर पुन्हा पिवळा.

"अहो, हा गच्चीवर टाका," ती म्हणाली. "दोन दिवसांत जाईल. जगाला सांगत आले, तुम्हालाही सांगायला हवं का?"

"टाकतो," काका म्हणाले आणि ओला शर्ट घेऊन वर गेले.

चहाचे कप आणायला मी थोड्या वेळानं वर गेले. बाहेर कडकडीत ऊन होतं. गच्चीवरची दोरी मोकळी होती. शर्ट काकांनी खोलीत, खिडकीपासून लांब, कपाटामागच्या अंधाऱ्या खुंटीवर वाळत घातला होता.