खाणीवरचा कॉम्प्युटर

बाबा गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांचं म्हणून घरात जे काही उरलं, त्यातली सगळ्यात अडगळीची वस्तू म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. आई तो हलवू देत नाही, आणि माहेरी गेले की मला त्याच्याकडे बघवत नाही. मग आम्ही दोघी त्याच्याकडे पाठ करून जेवतो.

बाबा साखळीजवळच्या एका खाणीच्या ऑफिसात होते. ट्रकाचं वजन झालं की त्याची नोंद करायची, हे त्यांचं काम. खाणी बंद पडल्या तेव्हा ऑफिसातलं सामान विकायला काढलं. कुणी कपाट नेलं, कुणी पंखे नेले, एकाने तर चौकटीसकट दरवाजा उचलला. बाबांनी इतकी वर्षं ज्याच्यासमोर बसून नोकरी केली तो कॉम्प्युटर आणला. आई दारातच म्हणाली, "नोकरी गेली ती गेली, आता ऑफिस कशाक घराक हाडलात?" बाबांनी तो खिडकीजवळच्या मेजावर मांडला आणि वर आईचं जुनं लुगडं फाडून केलेलं झाकण घातलं.

त्या कॉम्प्युटरने बाबांना वाचवलं, असं मी आजही म्हणेन. आमच्या गावात जत्रेच्या रात्री देवळासमोर नाटक होतं आणि ते गावचेच लोक करतात. प्रत्येक नटाला त्याच्या वाट्याची भाषणं वेगळी उतरवून द्यावी लागतात, त्याला नक्कल म्हणतात. पूर्वी बाबा त्या नकला हाताने लिहायचे. आता टाइप करायला लागले, तेही चांगल्या ठसठशीत अक्षरांत, कारण आमचे नट सगळे पन्नाशीपुढचे आणि चष्मा लावून शिवाजी होता येत नाही. नाटकाच्या रात्री बाबा विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करायचे. स्टेजवर ते कधी चढले नाहीत, पण गावातलं एकही भाषण त्यांच्याशिवाय पुरं झालं नाही. खाण सुटल्यावर जी माणसं नुसती घरापुढच्या बाल्कांवात, कट्ट्यावर बसून संपली, त्यांच्यात बाबा नव्हते.

ते गेले त्याच्या आधीची गणपतीची चवथ झाली आणि बाबांचं दुखणं कळलं. इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेतलं. यकृतात आहे, पसरलंय, आता महिन्यांचीच गोष्ट. बाबा आत खाटेवर बसून शर्टाची बटणं लावत होते. आईने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "तेंका सांगू नको," ती म्हणाली. "कळला तर दुखण्याच्या आदी भियानच जातले."

आमच्याकडे हे असंच असतं. दुखणं सगळ्यांना सांगायचं. काकांना, मावशीला, शेजारणीला, किराणा देणाऱ्या पसरकाराला, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला. फक्त ज्याचं दुखणं त्याला सांगायचं नाही. बाबांना सांगितलं, पोटाला सूज आहे, पथ्य पाळा. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. मी आणि आई, दोघीही स्वतःला फार हुशार समजत होतो.

आणि मग कॉम्प्युटरने मान टाकायला सुरुवात केली. बटण दाबून चहा ठेवावा, तो उकळावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा, तरी पडदा निळाच. मध्येच आतून टकटक असा आवाज येई. मी शनिवारी सासरहून, धारगळहून गेले की बाबा तीच तक्रार सांगत. त्या वर्षीच्या नाटकाच्या नकला अर्ध्या झाल्या होत्या. एका शनिवारी त्यांनी सरळच विचारलं, "बाये, तू ऑफिसात रोज कॉम्प्युटर बघतंस. खरा काय ता सांग. ह्यो सुधारूसारखो आसा, काय आता भंगारात घालूया?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी तोंडावर सांगितलं असतं की भंगारात घाला. पेडण्याला माझ्या कचेरीत याच्याहून तरुण मशीनं जिन्याखाली धूळ खात पडली आहेत. पण बाबा खुर्चीत बसले होते, गळ्याची हाडं वर आलेली, डोळ्यांत पिवळी झाक, आणि विचारत होते की जुनं झालेलं सुधारण्यासारखं आहे का. नाही म्हणायला माझी जीभ वळेना. हो म्हणावं तर पुढचा प्रश्न, किती वर्षं चालेल? वर्षं हा शब्दच मला त्या घरात ऐकवत नव्हता.

आईनेच उत्तर दिलं. ताटं मांडता मांडता म्हणाली, "सगळा नवीन घालून घेया. एकदाच काय तो खर्च. धा वर्सां बघूक नको." आणि तिने मला डोळ्यांनी दटावलं. मीही म्हटलं, "होय बाबा, सगळाच नवीन घालूया." त्या दिवसापासून आमच्या घरात दहा वर्षांशिवाय कशाचीच बात नव्हती. बाबांना नवा चष्मा करायचा तर दहा वर्षं टिकणारा. माडाचं रोप लावायचं तर दहा वर्षं फळ देणारं. आई बोलत सुटली की मला ओरडून तिला गप्प करावंसं वाटे. तिच्यावर नाही, त्या सगळ्यावरच मला राग यायचा.

दुरुस्तीसाठी सीपीयू साखळीला न्यायचा ठरला. मी म्हटलं, मी नेते, तुम्ही पडून राहा. बाबा ऐकेनात. गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि सीपीयू मांडीवर घेतला. "मागे ठेवा की," मी खेकसले. "धक्के बसतीत तेका," ते म्हणाले. त्यांना स्वतःला धक्के बसत होते त्याचं काही नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचा चेहरा आक्रसायचा, आणि मी पहिल्या गिअरवर रांगत होते. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू देत म्हटलं.

दुकानदार बेळगावकडचा, साखळीत बरीच वर्षं राहिलेला, बोलायला मोकळाढाकळा माणूस. त्याने पत्रा काढला आणि हसायलाच लागला. आत सगळीकडे लाल धुळीचा थर. पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, कोपऱ्यांत. "काका, अख्खी खाणच घेऊन आलाय की तुम्ही!" तो म्हणाला. बाबाही हसले. हसता हसता पोटाला हात लावून थांबले. दुकानदाराने ब्लोअर लावला तशी ती धूळ उडून दारातून बाहेर गेली. बाबा ती जाताना बघत होते.

मग त्याने तपासलं. "डिस्क खराब व्हायला लागलीया," तो म्हणाला. "थोडीच जागा गेलीय अजून, पण एकदा सुरू झालं की पसरतच जातंय बघा. त्याला औषध नाही. चालतीया तोवर कामाचं काढून घ्यायचं." बिचारा त्याच्या धंद्याचंच बोलत होता. मला मात्र त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं. मी बाबांकडे बघितलं. ते अगदी मन लावून ऐकत होते.

दुकानदाराने दोन वाटा सांगितल्या. एक, नुसती नवी डिस्क घालायची. जुन्यातलं सगळं तिच्यावर उतरवलं की मशीन पळायला लागेल, पण बोर्ड जुनाच, तो कधी बसेल सांगता येत नाही. दुसरी, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळंच नवीन. "मग पाच-सात वर्षं माझं तोंड बघायला नको."

"सगळं नवीन घाला," मी म्हटलं.

"डिस्कच घाल," बाबा म्हणाले.

"बाबा, आई काय म्हणाली? सगळा घालूया."

"ताई बोलत्यात ते बरोबर हाय, काका," दुकानदार मध्ये पडला. "नुसत्या डिस्कवर ह्यो ओढून ओढून किती ओढंल?"

"जत्रेपर्यंत ओढलो म्हणजे पुरे," बाबा म्हणाले.

"आणि म्होरं?"

"फुडला फुडे."

मी चिडले. भर दुकानात आवाज चढवला. जत्रा काय, एकदाच असते का, पुढच्या वर्षी नाटक नाही का, दरवेळी अर्धवट काम करायची ही कसली सवय, काय वाटेल ते बोलले. दुकानदार स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली मान घालून बसला. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाले, "तू डिस्क घाल. आमी चाय घेवन येतंव." आणि माझ्या खांद्याला धरून बाहेर आले. मला आधार द्यायला नाही, त्यांनाच तो हवा होता म्हणून.

समोरच्या हॉटेलात बसलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी पातळभाजी-पाव मागवला. त्यांनी पावाचा एक तुकडा चहात बुडवला आणि तसाच बशीत ठेवून दिला.

"सगळा नवीन घातला तर माझो जुनो टायपिंगचो प्रोग्राम तेच्यार चलाचो नाय," ते म्हणाले. "नवीन शिकाक होयो. आता तितको वेळ खंय आसा, बाये?"

मी म्हटलं, वेळच वेळ आहे, सूज उतरली की. ते माझ्याकडे बघत राहिले. ओळ विसरलेल्या नटाकडे ते विंगेतून असे बघायचे.

"सोमारी तुमी दोगांय देवळात गेल्लात," ते म्हणाले.

गेलो होतो, मी त्यासाठी रजा काढली होती. आईने देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं होतं. बाबा दुपारी झोपतात ती वेळ आम्ही मुद्दाम साधली होती. पण गाऱ्हाणं मनातल्या मनात घालता येत नाही. देवासमोर उभं राहून ते मोठ्याने म्हणावं लागतं, माणसाचं नाव घेऊन, दुखणं काय ते सांगून, काही न लपवता. देवाला अर्धवट सांगितलेलं चालत नाही. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे आमच्या गावात खणखणीत आवाजासाठी प्रसिद्ध. आईने त्यांच्या कानात सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही, आणि त्यांनी ते तसंच्या तसं देवाच्या कानावर घातलं. यकृत, पसरलेलं दुखणं, महिन्यांची मुदत. प्रत्येक वाक्याला मागे उभं राहून आम्ही दोघी म्हणत होतो, "व्हय म्हाराजा!"

आणि बाबा झोपलेले नव्हते. ते देवळालगतच्या अग्रशाळेत, जिथे नाटकाचे पडदे ठेवतात तिथे, पडद्यांना कसर लागली का ते बघत उभे होते.

"देवाक सांगलात," बाबा म्हणाले. "माका तेवडा सांगूक नाय."

मी म्हटलं, "आईनं शपथ घातली होती." खोटंच होतं ते. शपथ घातली नव्हती.

"तूंच सगळ्यांत मोठ्यान म्हटलंस. व्हय म्हाराजा." ते किंचित हसले. "आवाज बरो आसा तुजो. नाटकात घेवक होया हुता."

मी त्या हॉटेलात रडले. ओढणी तोंडात कोंबून रडले, तरी आवाज यायचा तो आलाच. बाबांनी टेबलावरून हात पुढे करून माझ्या हातावर ठेवला. तो हात तापलेला लागत होता आणि फार हलका होता. आपल्याला माहीत आहे हे त्यांना इतके दिवस एकट्याने वागवावं लागलं, आणि आम्ही त्यांच्यासमोर दहा वर्षांचे हिशेब मांडत बसलो होतो. याचं दुःख मला त्यांच्या जाण्याइतकंच आहे. कमी नाही.

"नकला पुऱ्या करूंक होयत," ते म्हणाले. "तितकोच तो चलाक होयो. लोकांचा नाटक माझ्यासाठी अडाक नको." मग म्हणाले, "आणि आयेक सांगू नको. माका कळूक नाय म्हणान तिका धीर आसा. तो तसोच ऱ्हवांदी."

डिस्क बसली. मशीन खरंच पळायला लागलं. बाबांनी पुढे रोज थोडं थोडं बसून सगळ्या नकला पुऱ्या केल्या आणि छापून वाटल्या. जत्रा काही त्यांना दिसली नाही. त्यांनी मागितलं होतं तेवढंही त्यांना मिळालं नाही, ही माझी देवाकडे तक्रार आहे आणि ती मी मोठ्याने करते.

पण त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. पदराला हात पुसत, तोंडावर ते उसनं हसू. मी सीपीयू आत नेला आणि मेजाखाली वाकून तारा जोडायला लागले.

"काय म्हणता तो दुकानदार?" आईने विचारलं. "सगळा नवीन घातला मगे? किती वर्सां चलतलो आता?"

मी वाकलेलीच राहिले. बाबा खुर्चीत टेकले, दम खाल्ला.

"धा वर्सां," ते म्हणाले. "धा वर्सां बघूक नको म्हणता."

"खरां मगे?" आईने मला विचारलं.

"होय," मी मेजाखालून म्हटलं. "धा वर्सां."

"बरां झालां," आई म्हणाली, आणि बाबांच्या पथ्याची पेज गरम करायला आत गेली.