खुरासनी ओव्याचे दहा थेंब

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांच्या पोटात मुरडा उठायचा, आतडं पिळल्यासारखा. गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचे. तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा बीडच्या जडीबुटीवाल्या चाचांनी खुरासनी ओव्याचा अर्क दिला; नावाला ओवा, पण स्वयंपाकातला नव्हे. बाटलीवर चिठ्ठी होती: दहा थेंब, पाण्यातून, दिवसातून दोनदाच. थेंब मी मोजून द्यायचे.

चौथ्या दिवशी दुपारी शाळेत शिकवून नेकनूरला घरी आले, तर मामा बाजेवर बसून हवेतले दोरे ओढत होते. तोंड लालबुंद, ओठ कोरडेठाक.

"बैलं कावून सोडली?" मला म्हणाले. बैल विकून कितीतरी वर्षं झाली होती.

"बाहेरचं हाय हे. देवऋषाकडं न्या," शेजारच्या काकू म्हणाल्या. नवरा केजला गेलेला, त्याचा फोन लागेना. तेवढ्यात उशाशी बाटली दिसली. सकाळी निम्मी होती, आता तळाला गेलेली.

चिठ्ठीवरच्या नंबरावर चाचांना फोन लावला.

"डोळ्यातल्या बाहुल्या बघ, बेटी. मोठ्या झाल्यात?"

बुबुळ जवळजवळ दिसतच नव्हतं, सगळं काळं. "झाल्यात."

"मग थांबू नको. बाटली संगं घे नि बीडचा सरकारी दवाखाना गाठ. मी तिथंच येतो."

रिक्षात मामा मला ओळखेनात, उडी मारायला बघत. काकूंनी बीडपर्यंत त्यांना कवेत आवळून धरलं. देवऋषाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

चाचा दवाखान्याच्या दारातच होते. अर्क कशाचा, किती कडक, सगळं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर त्यांच्यावर भडकले. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले, पण लपवलं काही नाही. मामांना आत नेलं. काकू, चाचा नि मी संध्याकाळपर्यंत बाहेर एका बाकावर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला ओळखलं.

"लई दुखत व्हतं," ते म्हणाले. "तू थेंब थेंब घालायचीस. मला वाटलं, औषध पुरवून वापरतीस. म्हणून घोट घेतले."

जास्त झालं तर काय होतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. चाचा म्हणाले, "मी तरी तुला कुठं सांगितलं, बेटी?"

तो अर्क त्यांनी दुकानातून काढून टाकला. मामांचा मुरडा अजून अधूनमधून उठतो. डॉक्टरांच्या गोळ्या मी देते, आणि प्रत्येक वेळी शेजारी बसून सांगते, ही कशासाठी, नि लागोपाठ दुसरी का घ्यायची नाही.