हरणाऱ्यांच्या बाजूला

हरणाऱ्यांची या जगात काही कमतरता नाही. कमतरता आहे ती हरणाऱ्यांच्या बाजूला डबा घेऊन बसणाऱ्यांची, आणि निदान या अमिरातीपुरती ती माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एकटीने भरून काढली आहे, असं मी कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. थोरले दीर रुवैसला रिफायनरीत नोकरीला, म्हणून जाऊबाई गेली बावीस वर्षं रुवैसला. आम्ही शारजात, अल नहदाला. मधलं अंतर गाडीने साडेतीन तासांचं. पण शारजात, दुबईत किंवा अल ऐनला ओळखीतल्या कोणाच्या पोराचा सामना आहे असं नुसतं कानावर आलं, की आदल्या संध्याकाळी जाऊबाई आमच्या दारात उभ्या. मागे दीर, दोन्ही हातांत पिशव्या. त्यांचा चेहरा असा की, मला काही विचारू नका, मी सामानाबरोबर आलो आहे.

जाऊबाईंचा नियम एकच. सामना कोणाचाही असो, जो संघ मागे असेल त्याच्या माणसांत जाऊन बसायचं. आघाडी फिरली की आपणही उठून बाजू बदलायची. क्रिकेटसारख्या सावकाश खेळात हा नियम निभावतो, बास्केटबॉलमध्ये माणसाचा जीव जातो. एका वर्षी अल ऐनच्या कॉलेज स्पर्धेत, ज्यांच्याशी आमचा काडीचा संबंध नव्हता अशा दोन संघांच्या सामन्यात आम्ही अकरा वेळा उठलो. सतरंजी, थर्मास, थालीपिठांचा डबा, हॉलमधल्या एसीच्या गारठ्यासाठी आणलेल्या तीन शाली आणि दीर, असा सगळा संसार बास्केटच्या मागून अलीकडे-पलीकडे. बाराव्या खेपेला सिक्युरिटीवाल्याने अडवून विचारलं, मॅडम, प्रॉब्लेम क्या है. जाऊबाईंनी शांतपणे स्कोअरबोर्डाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "भैया, वो देखो. अब ये लोग पीछे है." त्याने बोर्डाकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं आणि तो वाटेतून बाजूला झाला. शेवटी मध्यस्थी केली ती माझ्या यजमानांनी. हे स्वभावानेच तडजोडीचे. त्यांनी वहिनींपुढे रीतसर सुचवलं की खेळाचे चार क्वार्टर असतात, तर जागा फक्त क्वार्टर संपल्यावर बदलावी. जाऊबाईंनी दोन दिवस विचार करून संमती दिली. तेव्हापासून आमचं कुटुंब माणसात आलं.

हा केवळ खेळापुरता छंद असता तर मी लिहायला बसले नसते. इथलं ड्रायव्हिंग लायसन मिळवणं म्हणजे काय असतं हे ज्याने मिळवलं त्यालाच ठाऊक. जाऊबाई त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या आणि परीक्षेत सहा वेळा नापास झाल्या. सहाही वेळा त्यांनी बर दुबईहून पेढे मागवून रुवैसच्या सगळ्या इमारतीत वाटले. लोक अभिनंदन करायला लागले की सांगायच्या, नापास झाले, घ्या. पास झाल्याचे पेढे कोणीही वाटतं, त्यात काय विशेष, असं त्यांचं म्हणणं. सातव्यांदा पास झाल्या तेव्हा मात्र पेढे आले नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, आता कशाला, आता गाडी आहे ना. त्या गाडीने त्या आजही अबू धाबीच्या रस्त्यावर शंभराच्या वर जात नाहीत. मागून कोणी दिवे मारले की आरशात बघून म्हणतात, "यल्ला, जा बाबा, तू पुढे जा. आम्ही मागचेच."

हरणाऱ्यांत बसूनही त्या गप्प बसत नाहीत. पंचांना त्या 'अहो मास्तर' म्हणतात आणि त्यांच्या चुका मराठीतून समजावून सांगतात. पिछाडीवरच्या संघातल्या मुलींच्या आया कोणत्याही देशाच्या असोत, फिलिपिनो, लेबनानी, मलयाळी, पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या हातावर तिळाची वडी पडलेली असते. मी तशी पुस्तकातच डोकं घालून बसणारी. शाळेच्या लायब्ररीत नोकरी करते आणि सामन्यालाही पुस्तक घेऊन जाते. क्वार्टर संपला की हे माझ्या कोपराला हलकेच हात लावायचे, "चला, पारडं फिरलं." मी पानात बोट घालून त्यांच्या मागे चालू लागायची. कोण कोणाशी खेळतंय हे मला पुष्कळदा पलीकडे पोचल्यावर कळायचं.

हे सगळं कशासाठी, असं मी जाऊबाईंना एकदाच विचारलं होतं. तेव्हा त्या वांगी चिरत होत्या. शाळेत त्या खो-खो खेळायच्या, ते मला माहीत होतं. त्यांचा संघ तालुक्याला दरवर्षी पहिल्याच फेरीत गारद व्हायचा, हे माहीत नव्हतं. घरचं कोणी कधी बघायला आलं नाही. पोरीच्या जातीने धावायचं, ते काय बघायला जायचं. "एक वर्ष मात्र आमच्या बाजूला एक म्हातारी येऊन बसली," जाऊबाई म्हणाल्या. "सबंध सामना. आम्ही हरलो तशी उठली, पदर झटकला आणि गेली. कोणाची होती कोण जाणे. मी सगळ्या पोरींना विचारलं. कोणाचीच नव्हती." एवढं बोलून त्यांनी वांगी पाण्यात टाकली आणि मीठ कुठे आहे ते विचारलं.

आमची रेवा कॉलेजात गेली आणि बास्केटबॉलच्या संघात शिरली, तेव्हा जाऊबाईंना स्वर्ग दोन बोटं उरला. कारण रेवाचा संघ सदैव हरणारा. पहिल्या तिन्ही वर्षी अल ऐनच्या स्पर्धेत त्यांनी प्रत्येक सामना पहिल्या क्वार्टरपासून शेवटपर्यंत इमाने इतबारे गमावला. रेवाच्या सामन्यांत आम्हाला जागा बदलावी लागलीच नाही. खांबाजवळची तिसरी पायरी, तिथे सतरंजी अंथरायची आणि निवांत थालीपीठ खायचं. हे जाऊबाईंना चिडवायचे, वहिनी, उद्या आपली रेवाच पुढे गेली तर? जाऊबाई म्हणायच्या, तर पलीकडे जायचं, नियम तो नियम. "बापानेसुद्धा?" ह्यांनी विचारलं. "बापाने सगळ्यात आधी," जाऊबाई म्हणाल्या. हे ऐकून रेवाने घाम पुसता पुसता काकूला बजावलं होतं, "काकू, वन डे आय विल मेक यू मूव्ह." पुढे दरवर्षी हरून आली की ती हेच म्हणायची, आणि हे टाळी द्यायचे.

गेल्या जूनमध्ये हे गेले. सकाळी ऑफिसला निघाले आणि पार्किंगमध्येच बसले, एवढंच त्याबद्दल लिहिते. रेवाने खेळायचे बूट बाल्कनीतल्या कपाटात, कपड्यांच्या साबणामागे ठेवून दिले. हे तिचं शेवटचं वर्ष. स्पर्धा फेब्रुवारीत. कोचचे फोन आले, मैत्रिणी येऊन गेल्या, ती दार लावून बसली. मीही तिला खेळ म्हटलं नाही. त्या हॉलमध्ये, त्या खांबाजवळ जाऊन बसायची माझीच हिंमत नव्हती, मग तिला कोणत्या तोंडाने सांगणार? त्यात पुण्याहून मोठ्या नणंदबाईंचा व्हॉइस मेसेज घरच्या ग्रुपवर आला. वर्ष व्हायचं आहे अजून, घरात सणवार नाही, दिवाळीला पणती नाही लावली आपण, आणि खेळतमाशे बघायला जायचं म्हणतेस का तू? हा प्रश्न मला नव्हता, जाऊबाईंना होता, कारण त्यांनी ग्रुपवर 'शुक्रवारी निघतोय' असं टाकलं होतं. जाऊबाईंचं उत्तर सगळ्या घराने ऐकलं. "वन्सं, सणाला पुरण लागतं. ह्याला नुसता घाम लागतो. शिवाय आम्ही हरायलाच चाललोय. दुखवट्यात हरायला बंदी आहे असं कुठे लिहिलेलं असेल तर पाठवा."

शुक्रवारी संध्याकाळी त्या आल्या. रेवा दारातच म्हणाली, "आय ॲम नॉट प्लेइंग, काकू." जाऊबाईंनी चपला काढल्या, पाणी मागितलं, प्यायल्या. मग म्हणाल्या, "नको खेळूस. पण तू नाहीस आणि त्या चुकून जिंकल्या तर? साडेतीन तास गाडी मारून मी काय जिंकणाऱ्यांत बसायला आले?" रेवा हसली नाही. जाऊबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. त्यांनी फक्त बाल्कनीतून साबण घेताना बूट बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि दाराशी आपल्या चपलांशेजारी ठेवले. मी हळूच म्हटलं, ताई, मी घरी थांबते. त्या म्हणाल्या, "थांब की. पण पुस्तकच वाचणार ना? ते तिथे येऊन वाच. इथे आणि तिथे अक्षरं तीच." सकाळी खाली गाडीपाशी गेले तर रेवा मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसली होती. पायांत बूट होते. अल ऐनपर्यंत दोन्ही बाजूंना वाळू, आणि शंभराच्या खाली आमची गाडी.

खांबाजवळची तिसरी पायरी रिकामी होती. जाऊबाईंनी सतरंजी नेहमीइतकीच लांब अंथरली. मी पुस्तक उघडलं आणि दोन क्वार्टर एकच पान वाचलं. रेवाचा संघ नेहमीसारखा मागे होता. सुरुवातीला ती जड पायांनी धावत होती, बॉल आला की घाईने दुसरीकडे द्यायची. तिसऱ्या क्वार्टरमध्ये काय झालं ते मला सांगता यायचं नाही, कारण मला खेळातलं कळत नाही. एवढं दिसलं की तिने बॉल कोणाला दिला नाही. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. जाऊबाई वडीचा डबा मांडीवर उघडा ठेवून तशाच बसल्या होत्या. भोंगा वाजला, क्वार्टर संपला. माझ्या कोपराला हात लागला नाही. मी आपणहून मान वर केली. बोर्डावर रेवाचा संघ अडतीस, समोरचा चौतीस.

दीर सवयीने वाकून पिशव्या उचलायला लागले. जाऊबाईंनी त्यांना थांबवलं. सतरंजीच्या रिकाम्या टोकावर त्यांचा हात होता. गेल्या बावीस वर्षांत ज्या बाईने नापास झाल्यावर पेढे वाटले, पंचांना मास्तर म्हटलं, सिक्युरिटीवाल्याला वाट सोडायला लावली, तिचा आवाज मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "बसू या का गं इथेच?" त्या म्हणाल्या. "आजचा दिवस."

मला तिथून उठायचं नव्हतं. त्या पायरीवर, त्या खांबाला टेकून हे तीन वर्षं बसले होते, आणि जगात अशा जागा आता कमी उरल्या होत्या. पण मी पुस्तक मिटलं, पानात बोट न घालता. म्हटलं, "बापाने सगळ्यात आधी, असं ठरलं होतं, ताई." आणि उठून चालायला लागले. मागून सतरंजी झटकल्याचा आवाज आला, मग थर्मास, मग दीर.

आम्ही पलीकडे जाऊन टेकलो तेव्हा रेवा पाणी पीत होती. तिने सवयीने खांबाकडे पाहिलं. तिसरी पायरी रिकामी. बाटली तिच्या तोंडाशी तशीच राहिली. पलीकडूनसुद्धा मला तिचा चेहरा उतरलेला दिसला. मग ती वळली आणि तिने समोरच्या संघाच्या आयाबायांमधून, त्यांच्या झेंड्यांमधून आम्हाला शोधून काढलं. बोर्डाकडे तिने पाहिलंच नाही. आठ महिन्यांनी ती हसली, तेही तोंडात पाणी असताना, आणि कोचने तिला टॉवेल दिला.

रेवाचा संघ एका गुणाने हरला. हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, कारण भोंगा वाजला तेव्हा जाऊबाई आयुष्यात पहिल्यांदा जिंकणाऱ्यांच्या गर्दीत सापडल्या. एका मलयाळी बाईंनी त्यांना कडकडून मिठी मारली, दुसरीने त्यांच्या हातात झेंडा दिला. तो धरून उभ्या असलेल्या जाऊबाईंचा चेहरा, चोरीच्या आळाखाली पकडलेल्या माणसाचा असतो तसा होता. रेवा घामाने निथळत आमच्यापर्यंत आली. "यू मूव्ह्ड," ती म्हणाली. "उठवलंस," जाऊबाई म्हणाल्या. मग रेवाने विचारलं, हू गॉट अप फर्स्ट? जे दीर सामन्याला कधी तोंड उघडत नाहीत ते पिशव्या खाली ठेवून म्हणाले, "तुझी आई." रेवाने ओलं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. संध्याकाळी वन्संचा मेसेज आला, झाला का तुमचा सण? जाऊबाईंनी लिहिलं, "हरलो. आता तरी चालेल ना?"

रेवाचं कॉलेज आता संपेल. पुढच्या फेब्रुवारीत त्या हॉलमध्ये आमच्या ओळखीचं कोणी खेळत नसेल. तरी जाऊबाईंनी तारखा कळवायला सांगितल्या आहेत आणि मी कळवणार आहे. आम्ही जाऊ, बोर्ड बघू, जो संघ मागे असेल त्याच्या बाजूला सतरंजी टाकू. मी पुस्तक नेईन, कोपराला हात लावायचं काम जाऊबाईंनी मागून घेतलं आहे. सामना संपला की थर्मास आवरून आम्ही निघू. हरलेल्या पोरींपैकी एखादी मागे वळून मैत्रिणींना विचारेल, त्या दोघी कोणाच्या गं? तिने सगळ्यांना विचारलं तरी तिला ते कळणार नाही.