मागे लागलेली पांढरी गाडी

माझ्या नवऱ्याइतका संशयी माणूस आमच्या इकडं फूमनपासून रश्त शहरापर्यंत शोधून सापडायचा नाही. अंडी घ्यायला गेला तर एकेक अंडं कानाशी धरून हलवणार. दुकानदारानं हसून स्वागत केलं तर पाऊल मागे घेणार. माझ्या बापानं पहिल्याच भेटीत लग्नाला होकार दिला, तर हा बाहेर येऊन आपल्या आईला म्हणतो कसा, "इतक्या झटपट हो म्हणाले, पोरीत काहीतरी खोट असणार." सासूनंच मला नंतर सांगितलं. पोरं मोठी होऊन घर सोडून गेली, तरी ह्याचं खोट शोधणं काही संपलेलं नाही.

नुसरत त्याचं नाव. रश्तच्या कापड गिरणीत विणकर आहे. आमच्या गावाहून गिरणीला जायचं म्हणजे भातशेतांमधून जाणारा लांबलचक रस्ता, आणि हिवाळ्यात त्या रस्त्यावर पाऊस बसलेलाच असतो. नुसती थंडी असेल तर माणूस अंगावर काहीतरी ओढून घेईल. इथली थंडी पावसात भिजून हाडात शिरते. हा बाबा अंधारातच उठतो, छातीवर वर्तमानपत्र, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, आणि निघाला आपल्या जुन्या होंडावर. हँडलला मी मेंढीच्या कातड्याचे मोठे मोजे शिवून दिलेत, त्यात हात खुपसतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा दारात उभा करून त्याला पिळावा लागतो.

"एखादी जुनी गाडी घेऊ या," असं मी किती हिवाळे म्हणत आले. डोक्यावर छप्पर, पायाशी हीटर, माणसासारखं जाशील. तर म्हणे, "गाडी घेतली की सगळं गाव हात दाखवणार. पावसात उभ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मग तो शेजारी बसणार आणि रश्तपर्यंत विचारत राहणार, पगार किती, पोरगी कुठं दिली, जावई काय करतो. मोटरसायकलवर कोण काय विचारतंय? वाऱ्यात ऐकूच येत नाही." गाडी चालवायला तो लष्करात शिकला होता, परवानाही होता. पण नाही म्हणजे नाही.

पुढं त्याची बोटं बिघडली. सकाळी गिरणीत पोचला की बोटं वळायचीच नाहीत. विणकराची सगळी मदार बोटांवर. धागा तुटला की लगेच गाठ मारावी लागते, आणि ती नीट बसली नाही तर कापडात रेघ उमटते. म्हणून तो रोज वाटेत तिठ्यावरच्या नानवाल्याकडे थांबायचा, भट्टीपुढं हात शेकायचा, बोटं हलायला लागली की पुढं जायचा. तरी पहिल्या तासाभराचं कापड काही खरं नसायचं. हे मला ठाऊक, नानवाल्याला ठाऊक, बाकी कुणालाही नाही. आणि नेमकी त्याच हिवाळ्यात बातमी आली की नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या आधी गिरणी माणसं कमी करणार, आणि विणकरांतली नावं कापड तपासनीस सुचवणार. ह्या वयात सुटलेली नोकरी पुन्हा मिळत नाही. आमची चूलच तिच्यावर पेटत होती.

तपासनीस म्हणजे हूशंग आगा. आमच्या पलीकडच्या गावचा, अबोल, सभ्य, पांढरी पेकान गाडी चालवणारा.

एके संध्याकाळी नुसरत जेवता जेवता हात थांबवून म्हणाला, "तूबा, हूशंग माझ्या मागे लागलाय."

"म्हणजे काय?"

"रोज सकाळी मी पुलावर आलो की त्याची गाडी मागं. मी हळू, तर तो हळू. पुढं जा म्हणून हात केला, तरी जात नाही. गाडीवाला माणूस भिजणाऱ्या मोटरसायकलच्या मागं कशाला रांगेल, सांग ना?"

"अरे, पावसात सांभाळून चालवत असेल."

"आणि नानवाल्याकडं मी थांबलो की तोही थांबतो! खाली उतरत नाही, दिवे चालू ठेवून बसतो. मी निघालो की निघाला."

माझ्याही मनात पाल चुकचुकली. खोटं कशाला बोलू? माझा नवरा संशयी खरा, पण आंधळा नव्हे. त्यात त्यानं दुसरं सांगितलं ते तर आणखी चमत्कारिक. पूर्वी हूशंग आगा कापड दिव्याखाली धरून बारीकसारीक चूक काढायचे. ह्या हिवाळ्यात त्यांनी नुसरतची एकही चूक काढली नव्हती. रेघा उघड दिसत होत्या, आणि ते 'छान, छान' म्हणून पुढं पाठवत होते.

"कुठंतरी पाणी मुरतंय," नुसरत म्हणाला. "मला बेसावध ठेवतोय. भट्टीवर हात शेकतो ते बघून ठेवलंय त्यानं. एक दिवस सगळं एकदम बाहेर काढेल."

मग काय, घरात दुसरा विषय नाही. हूशंग आज चष्मा पुसत होता, का? हूशंगनं आज बोटाला काय झालं विचारलं नाही, का विचारलं नाही? मी वैतागून म्हटलं, "बाबा रे, त्यालाच विचार ना सरळ!" तर म्हणतो, "विचारलं तर सावध होईल. पुरावा पाहिजे."

पुरावा मिळवायची युक्ती त्यानं मला सांगितली नाही, नाहीतर मी त्याला दाराला बांधून ठेवलं असतं. दुसऱ्या सकाळी धो धो पाऊस, वर धुकं. पुलापुढं रस्ता सरळ जातो आणि डावीकडं शेतांच्या मधून एक बांध निघतो, मोटरसायकल जेमतेम जाईल एवढा. हा मुद्दाम तिकडं वळला. सरळ जाणारा माणूस सरळ जाईल, मागावरचा असेल तर वळेल, असा हिशोब.

पांढरी गाडी वळली.

"बघ, बघ, सापडला!" असं तो हेल्मेटशिवाय, पावसात, एकटाच ओरडला म्हणे. आणि त्याच क्षणी मागं धाडकन आवाज झाला. गाडीची डावी चाकं बांधावरून सुटली आणि ती कलंडून पाटात गेली. पाटाला भरपूर पाणी होतं.

नुसरत धावत गेला. पाणी खिडकीला लागलेलं. दाराची मूठ ओढायला गेला तर बोटं वळेनात. आतून हूशंग आगा दारावर हात फिरवत होते, कडी नेमकी तिथंच, हाताखाली, आणि त्यांना ती सापडत नव्हती. शेवटी ह्यानं दोन्ही तळव्यांत दगड धरून काच फोडली आणि त्यांना काखेत हात घालून बाहेर ओढलं. चिखलात बसून, धापा टाकत, तो माणूस पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"नुसरत आगा, आज रस्ता बदलला का हो?"

नानवाल्यानं दोघांना भट्टीपुढं बसवलं, चहा दिला. नुसरतनं हात काखेत दडवले आणि विचारलं, "माझ्या मागे का लागलात?"

"तुमच्या नाही, तुमच्या दिव्याच्या," हूशंग आगा म्हणाले. "डोळे चाललेत माझे. डॉक्टर म्हणाला, नस वाळतेय, उपाय नाही. उजेडात कसंतरी निभतं. अंधारात, पावसात रस्ताच दिसत नाही. बाकीच्या गाड्या भुर्रकन निघून जातात. तुम्ही हळू जाता, वळणाआधी ब्रेक दाबता. तो लाल ठिपका धरून मी गिरणीत पोचतो. तुम्ही नानसाठी थांबलात की मीही थांबतो."

"आणि माझं कापड?"

"हातानं चाचपतो सगळ्यांचं. तुमचं तर चाचपतही नाही, इतक्या वर्षांचा भरवसा आहे. का? होतं का काही त्यात?"

"नाही," नुसरत म्हणाला.

"हे तुम्हालाच सांगितलंय बरं का. घरी माझ्या बायकोला, महरुखलासुद्धा माहीत नाही. तिला कळलं तर ती रडरडून जीव देईल, आणि गिरणीत कळलं तर मी संपलो."

"नावं दिलीत का?"

"अजून नाही. उद्या, गुरुवारी द्यायचीत."

हे सगळं नुसरतनं संध्याकाळी मला सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अरे देवा, बिचारा! आणि तू त्याला पाटात घातलंस." मला वाटलं, ह्यालाही वाईट वाटत असेल. बघते तर ह्याच्या चेहऱ्यावर नुसता निवांतपणा.

"आता त्याच्या नाड्या माझ्या हातात आहेत," म्हणाला.

"काय बोलतोस?"

"विचार कर ना. त्याचं गुपित मला कळलंय. गुपित ठाऊक असलेल्या माणसाला कोण गिरणीत राहू देतो? सगळ्यात आधी तो माझंच नाव देणार. त्याच्या आधी मी मॅनेजरला सांगितलं की तपासनीस आंधळा आहे, तर त्यानं दिलेल्या नावांना किंमत काय राहिली?"

"नुसरत! त्यानं विश्वासानं सांगितलं तुला!"

"तेच तर म्हणतो मी. कुणी उगाच सांगतं का असं? काहीतरी मनात असेल."

मी ताट उचललं आणि आत गेले. त्या रात्री मी भांडले, रडले, धाकटीची शपथ घातली. तो 'बघू' म्हणाला आणि कूस वळवून झोपला. आयुष्यभर हा जगावर संशय घेत आला, मी हसत आले. त्या रात्री पहिल्यांदा मीच त्याच्या पाठीकडं बघत पडून राहिले, की हा माणूस सकाळी काय करून येणार आहे.

गुरुवार होता. दिवसभर पाऊस. चहाचा समोवर पेटवला, विझला, पुन्हा पेटवला, मला भान नाही. नुसरत आला तो दारातच उभा राहिला, बूट काढेना.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"गेलो होतो," तो म्हणाला. "मॅनेजरच्या दाराशी पोचलो होतो. आत आधीच कोणीतरी बोलत होतं."

"कोण?"

"हूशंग." मग तो जमिनीकडं बघत बोलला. "म्हणत होता, माझे डोळे गेलेत, मला मोकळं करा. ह्या हिवाळ्यात जे खराब कापड बाहेर गेलं त्याचा दोष माझा, विणकरांना हात लावू नका. नावं द्यायचीच असतील तर हे माझं एक लिहून घ्या. मी तसाच मागं फिरलो, तूबा. शिपाई विचारत होता, काय काम होतं, काय काम होतं."

मी त्याला टॉवेल दिला.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी दारात हूशंग आगा आणि त्यांची बायको महरुख. हातात फूमनच्या कोलूच्यांचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड बिस्किटांचा डबा, अजून गरम. गाडी गावातल्या मेकॅनिकनं काढून दुरुस्त केली होती, त्यानंच आणून आमच्या दाराशी लावली होती. मी चहा दिला, साखरेचे खडे पुढं केले. महरुख माझा हात धरून रडली.

हूशंग आगांनी कपाचा अंदाज घेत तो खाली ठेवला. "नुसरत आगा, शिपायानं सांगितलं मला. गुरुवारी तुम्ही मॅनेजरच्या दाराशी आला होतात, काहीतरी महत्त्वाचं बोलायचं होतं तुम्हाला. मी तेव्हाच समजलो. स्वतःच्या नोकरीवर टांगती तलवार, आणि तुम्ही माझ्यासाठी रदबदली करायला आलात!"

नुसरतनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाकडं बघत राहिले.

"मी महरुखला म्हटलं, एवढ्या मोठ्या गिरणीत एक माणूस निघाला," हूशंग आगा म्हणाले, आणि गाडीची किल्ली पुढं सरकवली. "ही मला आता काय कामाची? पावसात गंजून जाईल. तुम्ही वापरा. शुक्रवारी मला बाजारात फिरवून आणा, बस. नाही म्हणू नका."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी काहीतरी दिलं आणि माझ्या नवऱ्यानं 'का' असं विचारलं नाही.

आता ती गाडी आमच्या अंगणात असते. शुक्रवारी नुसरत ती काढतो, हूशंग आगांना मासळीबाजारात नेतो, हाताला धरून आणतो. बाकी सगळे दिवस, कितीही पाऊस असो, तो मोटरसायकलवरच गिरणीला जातो आणि बोटं निळी करून घेतो. गाव कुजबुजतं. दाराशी गाडी असताना हा भिजत का जातो, कुठून आली ती गाडी, काय भानगड आहे? बायका मला पाण्याच्या नळावर खोदून खोदून विचारतात.

मी त्याच्यावर किती वेळा चिडले. म्हटलं, गाडी घेऊन जा, नाहीतर हूशंग आगांना एकदाचं खरं सांगून टाक आणि मोकळा हो. परवा तो बुटांवर पिशव्या बांधत होता, मान वर न करताच म्हणाला, "डोळे गेले, नोकरी गेली. आता त्यांच्याजवळ एवढंच उरलंय, की एक माणूस त्यांच्यासाठी आला होता. तेही काढून घेऊ?"