मोजपट्टीचा आलेख

ऑफिसात त्याला सगळे मोजपट्टी म्हणत आणि त्यालाही ते आवडे. चहात साखरेचे दाणे किती, असं कुणी थट्टेत विचारलं तर हा खरंच मोजायला बसेल, अशी त्याची ख्याती. माणूस वाईट नव्हता. पण आकडा समोर आला की त्याला माणसं दिसेनाशी होत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्रात तो प्रोग्रामर होता. त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, शेजारच्याच टेबलावर बसे. नोकरी मोजपट्टीनेच लावून दिलेली. फोन आला की कुठली गाडी कुठे धाडायची, हे ठरवणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामला साडूने नकाशा जोडला. त्याच दिवशी, त्याच आवृत्तीत मोजपट्टीने आपलंही एक काम घुसवलं. प्रोग्रामने दर सेकंदाला स्वतःचीच नाडी बघायची: प्रोसेसरवर ताण किती, मेमरी किती खाल्ली. आणि ते लिहून ठेवायचं. दोन नव्या गोष्टी एकदम घालू नयेत, हे तो इतरांना उठता-बसता ऐकवी. आपलं मोजमाप मात्र त्याने नव्या गोष्टींत धरलंच नाही. मोजणं म्हणजे नुसतं बघणं, बघण्याने काय होतंय?

नवव्या दिवशी, भर दुपारी, मेमरी संपून प्रोग्राम बसला. अकरा मिनिटं. तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा नवरा छातीत कळ येऊन गेला. तिने फोन केला होता, पण गाडी निघालीच नव्हती.

चौकशीत मोजपट्टीने आलेख मांडला. मेमरीची रेघ नकाशा आल्या दिवसापासून चढत गेलेली.

"माझ्या कोडमध्ये मेमरीची गळती नाही रे," साडू म्हणाला. "दहादा तपासलंय मी."

"मग ही रेघ काय हवेने चढली?"

नात्यागोत्याचा मुलाहिजा ठेवला नाही म्हणून साहेबांनी मोजपट्टीची पाठ थोपटली. साडूला घरी बसवलं. नकाशा काढून टाकला.

रेघ चढतच राहिली.

मोजपट्टीने प्रोग्रामच्या आतलं आपलं मोजमाप बंद केलं आणि संगणकाच्या स्वतःच्या साधनाने बाहेरून मेमरी पाहिली. दोन दिवस पाहिली. रेघ सपाट. मग त्याने आपल्या चाळीस ओळी उघडल्या. मेमरी किती, हे विचारायला तो दर सेकंदाला एक नवी जोडणी उघडत होता आणि एकही बंद करत नव्हता. मेमरी खात होतं ते त्याचं मोजमापच. जोडणी बंद करणारी, राहिलेली एक ओळ त्याने घातली, आवृत्ती चढवली आणि नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवायला कुणीतरी हवं होतं.

तरी रविवारी तो साडूकडे गेला. सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच गेला.

मेहुणीने दार उघडलं. ती वाळून अर्धी झाली होती. "बरं झालं आलात, भाऊजी. हे धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. नुसते कागद घेऊन बसतात. म्हणतात, माझ्या हातून माणूस गेला, कशाने गेला तेवढं तरी कळू दे."

आतल्या खोलीत नकाशाचा सगळा कोड छापून जमिनीवर पसरला होता. दाढी वाढलेला साडू धडपडत उठला आणि त्याने एक पान पुढे केलं.

"सापडलं बघ. ही ओळ. इथूनच गळत होतं ना? तूच सांग, तुझ्याइतकं कुणाला कळत नाही."

ओळ बिनचूक होती. मोजपट्टीने ती दोनदा वाचली. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण ते बोललं की नोकरी, नाव, घरातली पत, सगळं जाणार होतं.

"हो," तो म्हणाला. "हीच."

साडू मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. मग सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्याने आपण होऊन ताट मागितलं.

दाराशी मेहुणीने मोजपट्टीला हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू, भाऊजी?"

"असू दे," म्हणून तो जिना उतरला.